फुकट क्लिपआर्ट: शोधायचं कुठे आणि उतरवून घ्यायचं कसं

पोळ्याच्या कृतिपत्रिकेसाठी बैल हवा असतो, हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर पणती, सोसायटीच्या पाणीबंदीच्या सूचनेवर नळ. आपण मोबाइलवर गुगल उघडतो, शब्द टाकून पुढे ‘क्लिपआर्ट फ्री’ जोडतो, पहिलं बरं दिसलेलं चित्र दाबून धरतो आणि सेव्ह करतो. मग ते वर्डमध्ये टाकलं की भोवती पांढरा चौकोन येतो, ताणून मोठं केलं की कडा फाटतात, आणि छापून आल्यावर लक्षात येतं की बैलाच्या पोटावर कुणाच्या तरी कंपनीचा पुसट शिक्का आहे.

या साऱ्याचं मूळ एकच आहे. गुगलच्या निकालात दिसते ती चित्राची छोटी नक्कल. खरं चित्र दुसऱ्याच संकेतस्थळावर, त्याच्या स्वतःच्या पानावर असतं. मोठी फाइल तिथेच मिळते, ते कुणी काढलं हे तिथेच लिहिलेलं असतं आणि कोणत्या अटीवर वापरायचं तेही तिथेच कळतं. त्यामुळे पुढे जे काही सांगतो आहे, त्यातली निम्मी खटपट ते मूळ पान गाठण्याची आहे.

आधी ठरवा, चित्र जाणार कुठे

शोधायला बसण्याआधी हे ठरलं की अर्धा वेळ वाचतो. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आमंत्रणाला हजारभर पिक्सेल (चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके) रुंदीचं चित्र पुरतं. कागदावर छापायचं असेल तर साधा हिशेब असा: छापील आकार इंचात घ्या आणि ३०० ने गुणा. तीन इंच रुंद बैल नीट उमटायला ९०० पिक्सेल रुंदीचं चित्र लागतं. पूर्ण ए-फोर पान भरायचं असेल तर २४८० बाय ३५०८. गुगलच्या निकालातली छोटी नक्कल बऱ्याचदा २२५ पिक्सेलच्या आसपास असते, म्हणजे नीट छापायची तर ती पाऊण इंचाची. टपाल तिकिटाएवढी.

फ्लेक्सचं गणित थोडं सैल असतं, कारण तो लांबून बघायचा असतो. इंचाला ७२ पिक्सेल धरले तरी सहा फूट बाय तीन फूट फलकाला ५१८४ बाय २५९२ पिक्सेल लागतात. एवढं मोठं फुकट क्लिपआर्ट शोधत बसण्यापेक्षा व्हेक्टर फाइल घ्यावी, तिच्याबद्दल पुढे येईलच.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कृतिपत्रिका शेवटी झेरॉक्स होणार असते. पडद्यावर सुरेख दिसणारा रंगीत, छटांनी भरलेला मोर झेरॉक्समध्ये काळपट डाग होऊन येतो. तिथे रेषाचित्रच हवं. शोधताना इंग्रजीत ‘लाइन आर्ट’, ‘आउटलाइन’ किंवा ‘कलरिंग पेज’ हे शब्द जोडले की नेमकी तशी चित्रं वर येतात, आणि मुलांना रंगवायलाही ती उपयोगी पडतात.

फाइलींचे चार प्रकार

जेपीजी हा फोटोंसाठीचा प्रकार. त्यात पारदर्शकता नसते, म्हणून पांढरा चौकोन येतो. शिवाय क्लिपआर्टच्या ठळक कडांभोवती बारीक कचरा दिसतो. दुसरं काहीच मिळत नसेल तेव्हाच जेपीजी घ्या.

पीएनजी आपल्या कामाचा. पार्श्वभूमी पारदर्शक राहते, रंगीत कागदावर किंवा चौकटीवर चित्र अलगद बसतं. रोजच्या वापराला हाच पुरे.

एसव्हीजी म्हणजे व्हेक्टर. यात ठिपके नसतात, रेषा कुठून कुठे जाते याचं गणित असतं. त्यामुळे नखाएवढं करा नाहीतर मांडवाच्या कमानीएवढं, कडा फाटत नाहीत. झुलीचा लाल रंग हिरवा करणं, शिंगं वेगळी काढणं यातच जमतं. अडचण एवढीच की विंडोजमध्ये एसव्हीजीवर डबल क्लिक केलं की बहुधा ब्राउझर उघडतो आणि ‘हे चित्र नाहीच, वेबपान आहे’ असं वाटून लोक फाइल पुसून टाकतात. पुसू नका. वर्डच्या २०१९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती सरळ ‘इन्सर्ट – पिक्चर्स’मधून येते, छापखान्यांत वापरतात त्या कोरलड्रॉमध्ये ‘इम्पोर्ट’ करता येते आणि इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरचा तर हा मूळ प्रकारच आहे. गुगल डॉक्स मात्र एसव्हीजी घेत नाही. तिथे पीएनजी लागेल.

चौथा वेबपी. हा गुगलने २०१० मध्ये आणला, पानं लवकर उघडावीत म्हणून. हल्ली राइट क्लिक करून चित्र सेव्ह केलं की बऱ्याचदा हाच पदरात पडतो, आणि जुनं वर्ड किंवा छापखान्यातलं जुनं कोरल तो उघडत नाही. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून ‘पीएनजी’ लिहिल्याने ती पीएनजी होत नाही. विंडोज ११ मधल्या पेंटमध्ये किंवा जिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून पीएनजी म्हणून नव्याने साठवावी लागते. त्यापेक्षा संकेतस्थळावरचं डाउनलोडचं बटण वापरलं तर हा प्रश्न सहसा येत नाही.

‘फ्री’ म्हणजे किती फ्री?

इथे थोडं थांबायला हवं, कारण सर्वात जास्त गैरसमज याच भागात आहेत.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. चित्र काढलं की हक्क आपोआप चित्रकाराकडे येतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातला ‘सी’ लागत नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं तो हक्क राहतो. राजा रविवर्म्यांचं निधन १९०६ मधलं, म्हणून त्यांची चित्रं आज सर्वांना मोकळी आहेत. पण त्यांच्या चित्रावरून कुणी आजच्या काळात नव्याने रंगवलेली लक्ष्मी मात्र त्या नव्या चित्रकाराची असू शकते. वर्गात शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेल्या वापराला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तीच कृतिपत्रिका पुस्तक करून विकायला काढली किंवा यूट्यूबवर टाकून त्यावर जाहिराती घेतल्या, तर त्या सवलतीचा आधार घेता येत नाही.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवता येतात म्हणून त्यातली चित्रंही मोकळी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर पाठ्यपुस्तक मंडळाचे हक्क स्पष्ट छापलेले असतात.

याउलट ज्यांनी आपण होऊन परवानगी देऊन ठेवली आहे, त्यांची चित्रं ओळखण्याची सोय म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने. २००२ पासून ते चालू आहेत. चित्राच्या पानावर काही अक्षरं दिसतात, त्यांचा अर्थ कळला की काम भागतं. ‘सीसी शून्य’ असेल तर चित्रकाराने सगळे हक्क सोडलेत. काहीही करा, नाव द्यायचीही सक्ती नाही. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एसए’ म्हणजे तुम्ही यातून नवं काही केलंत तर तेही याच परवान्याखाली द्या. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नको. ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटू नका, आणि हा क्लिपआर्टला जवळजवळ निरुपयोगी, कारण आपण रंग बदलणार, तुकडा काढणार हे ठरलेलंच असतं. क्लासच्या जाहिरातीसाठी, विकायच्या पुस्तकासाठी ‘एनसी’ दिसलं की पुढच्या चित्राकडे वळा. ‘पण माझा धंदा छोटा आहे’ ही सबब परवान्यात कुठेही लिहिलेली नाही.

टीव्हीवरच्या कार्टून पात्रांचं काय? फुकटच्या संकेतस्थळांवर ती ढिगाने सापडतात. चढवणाऱ्याने ‘मोफत’ लिहिलं म्हणून ती मोफत होत नाहीत, कारण मुळात ती त्याची नसतात. तसंच चार सिंहांच्या राजमुद्रेचं. तिचं क्लिपआर्ट अगदी सहज मिळतं, पण मंडळाच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर ती छापायला २००५ च्या कायद्याने मनाई आहे.

कुठे शोधायचं

माझी पहिली पसंती ओपनक्लिपार्टला. २००४ पासून चालू असलेला हा साठा आहे, सगळी चित्रं सीसी शून्य आणि एसव्हीजी स्वरूपात. दिसायला संकेतस्थळ साधं, चित्रंही कधी फार सुबक, कधी अगदी बाळबोध. पण परवान्याचा विचारच करावा लागत नाही हे सुख मोठं. चित्राच्या पानावर एसव्हीजी उतरवण्याचं बटण असतं आणि लहान-मध्यम-मोठ्या पीएनजीचे पर्यायही. २०१९ मध्ये हे संकेतस्थळ बराच काळ बंद पडलं होतं. म्हणून आवडलेलं चित्र ‘नंतर घेऊ’ म्हणून सोडू नये.

पिक्साबे हे जास्त चकचकीत. जर्मनीत सुरू झालेलं, आता कॅन्व्हाच्या मालकीचं. शोधल्यावर वरच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) ‘व्हेक्टर्स’ निवडा, म्हणजे फोटो बाजूला होतात. निकालांच्या वरच्या ओळीत प्रायोजित चित्रं असतात. ती दुसऱ्या कंपनीची आणि विकतची. शिक्का असलेली चित्रं लोक बहुतेक वेळा तिथूनच उचलतात. बाकीची चित्रं श्रेय न देता वापरता येतात, पण त्यावर काहीही न करता तेच चित्र मगवर किंवा पोस्टरवर छापून विकायला बंदी आहे. आणखी एक: पिक्साबेने जानेवारी २०१९ मध्ये सीसी शून्य सोडून स्वतःचा परवाना आणला. त्याआधी चढवलेल्या चित्रांना जुना परवाना लागू, नंतरच्यांना नवा. चित्र कधी घेतलं याची नोंद ठेवायला मी पुढे सांगणार आहे, ते अशाच कारणासाठी.

विकिमीडिया कॉमन्सचा साठा सर्वात मोठा. दहा कोटींहून जास्त फाइली, आणि भारतीय विषय इथेच जास्त सापडतात. शोधाच्या पानावर परवान्याची आणि फाइलप्रकाराची गाळणी आहे. प्रकारात एसव्हीजी निवडलं की क्लिपआर्टसारखी चित्रं उरतात. इथे एक मेख आहे. एसव्हीजी फाइलच्या पानावर मधोमध जे चित्र दिसतं ते पीएनजी नमुना असतं. त्यावर राइट क्लिक करून सेव्ह केलं तर तो नमुनाच मिळतो. त्याखालची ‘ओरिजिनल फाइल’ ही लिंक उघडा आणि मग कंट्रोल-एस दाबा. शिवजयंतीसाठी महाराजांचं चित्र हवं असेल तरीही इथेच या. ब्रिटिश म्युझियममधलं १६८० च्या दशकातलं चित्र कॉमन्सवर आहे आणि जुनं असल्याने मोकळं आहे. कॅलेंडरांवरची प्रसिद्ध चित्रं विसाव्या शतकातल्या चित्रकारांची आहेत, त्यांच्या हक्कांचा प्रश्न उरतो.

ओपनव्हर्स हे स्वतः साठा नाही, अनेक साठ्यांत एकदम शोधणारं यंत्र आहे. ‘इलस्ट्रेशन’ ही गाळणी आणि ‘व्यावसायिक वापर चालेल’, ‘बदल चालेल’ अशा अर्थाच्या दोन खुणा लावल्या की नको ते गळून जातं. श्रेयाची ओळ तयार करून देतं, ती नुसती उचलून चिकटवायची. तरी शेवटी मूळ पानावर जाऊन परवाना बघाच.

लोकांच्या सहसा लक्षात न येणारा साठा म्हणजे इमोजी. ओपनमोजी, ट्वेमोजी, गुगलचे नोटो इमोजी हे संच खुल्या परवान्याखाली एसव्हीजीमध्ये उतरवता येतात. २०१९ च्या इमोजींमध्ये पणती, साडी, ऑटोरिक्षा आणि हिंदू मंदिर आलं, त्यामुळे आपल्या कामाची बरीच चित्रं एका शैलीत मिळतात. ओपनमोजीत तर प्रत्येक चित्राची नुसत्या काळ्या रेषेतली आवृत्तीही आहे. झेरॉक्ससाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही. त्याचा परवाना ‘बीवाय-एसए’ आहे, श्रेय द्यावं लागतं.

फ्रीपिक आणि फ्लॅटआयकॉन छापखानेवाल्यांच्या आवडीची. चित्रं देखणी, पण फुकट खात्यावरून घेतलेल्या चित्राला श्रेय द्यावंच लागतं, आणि ते देताना मी तरी फारसं कुणाला पाहिलेलं नाही. कॅन्व्हातली चित्रं कॅन्व्हातल्या डिझाइनमध्ये वापरायची. त्यातलं एकच चित्र सुटं काढून दुसऱ्याला द्यायचं नाही. वर्डमधला जुना क्लिपआर्टचा साठा मायक्रोसॉफ्टने २०१४ अखेरीस बंद केला. आता ‘ऑनलाइन पिक्चर्स’मधून बिंगचा शोध येतो, तिथे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स ओन्ली’ची खूण तशीच राहू द्या.

आणि गुगल? वापरा, पण शोधायला. संगणकावर ‘इमेजेस’मध्ये ‘टूल्स’ दाबा. ‘टाइप’मध्ये क्लिप आर्ट किंवा लाइन ड्रॉइंग, ‘कलर’मध्ये ट्रान्सपरंट आणि ‘युसेज राइट्स’मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स निवडा. मग चित्रावर टिचकी मारून ‘व्हिजिट’ने मूळ पानावर जा. परवान्याची माहिती गुगलला त्या त्या संकेतस्थळानेच पुरवलेली असते, त्यामुळे गाळणी लावली म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

पोळ्याचा बैल: एक पूर्ण उदाहरण

या साठ्यांत मराठीत शोधून फार कमी हाती लागतं. चित्रांना नावं देणारे बहुतेक इंग्रजीत देतात. पण नुसता शब्दकोशातला इंग्रजी शब्दही चालत नाही. ‘बुल’ टाकलं की माजलेला स्पॅनिश वळू येतो, ‘ऑक्स’ टाकलं की युरोपातला सपाट पाठीचा बैल. आपल्या बैलाला वशिंड असतं. त्या जातकुळीला इंग्रजीत ‘झेबू’ म्हणतात, स्पेलिंग झेड-ई-बी-यू. हा शब्द टाकला की पाठ बरोबर दिसते. ‘बुलक कार्ट’ टाकल्यावरही जोडी मिळते, गाडी नंतर कापून टाकता येते.

अशाच युक्त्या इतर ठिकाणी. पणतीसाठी ‘ऑइल लॅम्प’ टाकलं तर अल्लादिनचा दिवा येतो, ‘दिया’ टाका. कडुनिंबाला ‘नीम’, झेंडूला ‘मॅरीगोल्ड’, ज्वारीला ‘सॉर्गम’. शब्दामागे ‘सिल्हूट’ जोडलं तर काळी भरीव आकृती मिळते, पत्रिकेच्या किनारीला ती शोभते.

आता बैल सापडला असं धरू, ओपनक्लिपार्टवर. निकालावर टिचकी मारून त्याचं पान उघडा. चित्रकाराचं नाव वाचा. एसव्हीजी उतरवा, आणि घाईच्या वेळेसाठी मोठी पीएनजीही सोबत घ्या. वर्डमध्ये एसव्हीजी आणल्यावर ‘ग्राफिक्स फॉरमॅट’मध्ये ‘कन्व्हर्ट टु शेप’ दाबलं की चित्राचे भाग सुटे होतात. पाठीवर एक आयताकृती झूल, शिंगांना दोन गोंडे, कपाळावर बाशिंग हे वर्डमधल्याच आकारांतून घालता येतं. झाला पोळ्याचा बैल.

जे सापडतच नाही ते जोडून करायचं. गुढी हे ठळक उदाहरण: इमोजींमध्ये नाही, परदेशी साठ्यांत क्वचित, आणि असली तरी कलश सुलटा ठेवलेला. इंकस्केप उघडा. लांब अरुंद आयत ही काठी. कलशाची एसव्हीजी आणून उपडी फिरवा. पेनच्या साधनाने वस्त्राची चुणीदार आकृती काढा, खाली जरीच्या काठाची एक पट्टी. कडुनिंबाचं एक पान आणून कंट्रोल-डीने त्याच्या प्रती करा, थोड्या थोड्या फिरवून डहाळी बनवा. गाठी म्हणजे सारखी वर्तुळं एका माळेत. झेंडूचं फूलही एकच आणायचं, हार प्रतींचा. सगळं निवडून कंट्रोल-जी दाबलं की एक गट होतो. एसव्हीजी म्हणून साठवा, आणि ‘एक्सपोर्ट’मधून ३०० डीपीआयची (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलची) पीएनजी काढा. पहिल्यांदा वेळ जातो, पण पुढच्या प्रत्येक पाडव्याला तीच गुढी कामी येते. जोडकामासाठी शक्यतो सीसी शून्य चित्रंच घ्या. त्यात एक जरी ‘एसए’वालं आलं तरी ती गुढी वाटताना तिलाही तोच परवाना लावावा लागतो.

फोनवरून घेताना

अँड्रॉइडवर क्रोममध्ये मूळ पान उघडा आणि आधी डाउनलोडचं बटण शोधा. ते नसेल तरच चित्र दाबून धरून ‘डाउनलोड इमेज’. एसव्हीजी गॅलरीत दिसत नाही. ‘फाइल्स’ अॅपमध्ये डाउनलोड्सच्या खणात बघा. आयफोनवर पीएनजी ‘सेव्ह टु फोटोज’ने फोटोंत जाते, एसव्हीजी मात्र तिथेही ‘फाइल्स’मध्येच.

खरी नासाडी होते ती पुढे, व्हॉट्सअॅपवर. पारदर्शक पीएनजी फोटो म्हणून पाठवली की व्हॉट्सअॅप तिची जेपीजी करतं. आकार घटतो, पार्श्वभूमी भरून येते. आणि मग ‘तू पाठवलेलं चित्र खराब आहे’ हे ऐकून घ्यावं लागतं. जोडणीच्या खुणेवरून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोचते.

फसवी चित्रं, फसवी बटणं

पारदर्शक म्हणून घेतलेल्या चित्रामागे राखाडी-पांढरे चौकोन चिकटून आले, असा अनुभव बऱ्याच जणांना असेल. ती बनावट पारदर्शकता. चौकोन चित्रातच रंगवलेले असतात. गुगलच्या निकालात छोट्या चित्रामागेच चौकोन दिसत असतील तर बहुधा ते बनावट. खऱ्या पारदर्शक चित्राची पार्श्वभूमी आधी कोरी दिसते आणि टिचकी मारल्यावर चौकोन उमटतात. साध्या पांढऱ्या पार्श्वभूमीचं क्लिपआर्ट असेल तर वर्डमध्ये ‘कलर’खालचं ‘सेट ट्रान्सपरंट कलर’ वापरा. पण ते एकच रंग काढतं. बैलाचे डोळेही पांढरे असतील तर तेही आरपार होतील.

डाउनलोडच्या मोठ्या हिरव्या बटणांपैकी निम्मी जाहिराती असतात. खऱ्या बटणावर बाण नेला की खाली त्याच संकेतस्थळाचा पत्ता दिसतो. चित्र मागितल्यावर ‘ईएक्सई’ फाइल, म्हणजे प्रोग्राम, आली तर न उघडता पुसून टाका. ‘नोटिफिकेशन्स अलाऊ करा म्हणजे डाउनलोड सुरू होईल’ हे कधीही खरं नसतं. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’खाली फाइलींची शेपटं दाखवण्याचा पर्याय चालू करून ठेवा, चित्राच्या नावाखाली दडलेला प्रोग्राम लगेच ओळखू येतो.

हल्ली यंत्राने बनवलेल्या चित्रांचाही सुळसुळाट आहे. लांबून छान दिसतात. जवळून पाहिलं तर सनई वाजवणाऱ्याला सहा बोटं, आणि पाटीवर देवनागरीसारखी दिसणारी पण कुठलीच नसलेली अक्षरं. पिक्साबेवर ती वगळायची सोय आहे. देवाचं चित्र घेताना हात, आयुधं, वाहन मोजून घ्यावं.

नाव आणि नोंद

‘डाउनलोड ३’, ‘इमेजेस ७’ अशा नावांच्या फाइली महिनाभरात ओळखू येत नाहीत. उतरवल्या उतरवल्या नाव बदला: विषय, साठा, परवाना, या क्रमाने. उदाहरणार्थ ‘झेबू-ओपनक्लिपार्ट-सीसी०’. नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि झिप फाइलींत देवनागरी नावांचे कधी कधी चौकोन होतात.

सोबत एक एक्सेलची फाइल ठेवा. रकाने पुरेसे एवढेच: फाइलचं नाव, मूळ पानाचा पत्ता, चित्रकार, परवाना, घेतल्याची तारीख. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की चित्रकाराला आधी घेतलेल्यांकडून काढून घेता येत नाही, पण पानच नाहीसं झालं तर तो होता हे तुम्हाला दाखवावं लागेल. विकायच्या पुस्तकासाठी चित्र घेत असाल तर परवाना दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, किंवा वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पत्ता टाकून ते पान तारखेसह नोंदवा.

श्रेय लिहायला एक ओळ पुरते: चित्राचं नाव, चित्रकार, कुठून घेतलं, परवाना कोणता. ‘बैलजोडी – अमुक चित्रकार, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बीवाय ४.०, रंग बदलले’. बदल केला असेल तर तोही सांगायचा. पत्रिकेवर जागा नसते ही अडचण खरी आहे, म्हणून तिथे सीसी शून्यच वापरावं. पुस्तकात शेवटच्या पानावर सगळी श्रेयं एकत्र, यूट्यूबला वर्णनाच्या खणात, कृतिपत्रिकेत तळाशी बारीक टायपात. ‘चित्र: गुगलवरून साभार’ असं मात्र लिहू नका. गुगलने ते काढलेलं नाही, आणि चित्रकार तर त्यात कुठेच नाही.

छापखान्यात देताना वर्डमधून चित्र परत काढून देऊ नका, आपण जपलेली मूळ फाइल द्या. वर्ड बऱ्याचदा चित्र आवळून साठवतं. एसव्हीजी कोरलमध्ये आणल्यावर छटा किंवा सावल्या कधी कधी बिघडतात, म्हणून त्याच चित्राची ३०० डीपीआयची पीएनजी त्याच फोल्डरमध्ये ठेवावी. कसं दिसायला हवं ते ऑपरेटरला तिच्यावरून कळतं आणि रात्री दहाला त्याचा फोन येत नाही.